पाऊस आला आणि मासे मेले: शहरातला ओढा नेमका कशानं घाण होतो?

बरेच कोरडे दिवस जातात, मग पहिला दमदार पाऊस होतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ओढ्याच्या काठाला मेलेले मासे पांढरी पोटं वर करून तरंगताना दिसतात. बातमी येते, फोटो फिरतात. कुणीतरी हमखास म्हणतं, ‘रात्री कुणीतरी केमिकल सोडलं असणार.’ कधीकधी ते खरंही असतं. पण पुष्कळदा त्या रात्री कुणीच काही सोडलेलं नसतं. शहरानं जे आठवडेन् आठवडे थोडं थोडं टाकलं, ते पावसानं एका तासात ओढ्यापर्यंत पोचवलेलं असतं.

बुचकळ्यात पाडणारी गोष्ट ही, की नवं पाणी आलं म्हणजे घाण पातळ व्हायला हवी. गटारासारखा काळा ओढा महिनाभर वाहत होता तेव्हा जे मासे कसेबसे तगून होते, ते पाणी वाढल्यावर का मरावेत? याचं उत्तर शोधत गेलं की शहरातलं पाणी कुठून कुठे जातं, याचा अख्खा नकाशाच हाती लागतो. सुरुवात माशाच्या श्वासापासून करू.

पाण्यात प्राणवायू असतो तरी किती?

आपण ज्या हवेत राहतो तिच्या एका लिटरमध्ये साधारण २७५ मिलिग्रॅम प्राणवायू असतो. २० अंश तापमानाच्या एक लिटर स्वच्छ पाण्यात तो जास्तीत जास्त ९ मिलिग्रॅमच्या आसपास विरघळतो. म्हणजे आपल्या तुलनेत मासा कायमच चणचणीत जगत असतो. पाणी तापलं की चणचण वाढते. ३० अंशाला ही मर्यादा साडेसात मिलिग्रॅमपर्यंत उतरते. ५ च्या खाली गेलं की बहुतेक मासे अस्वस्थ होतात. २ च्या खाली थोड्याच जाती तग धरतात.

आता या तुटपुंज्या साठ्यात दुसरे वाटेकरी येतात. मैला, साबणाचं पाणी, खरकटं, कुजलेला पाला हे सगळं जीवाणूंचं अन्न. ते खाताना जीवाणूही प्राणवायू वापरतात. एखाद्या पाण्यातली घाण फस्त करायला जीवाणूंना किती प्राणवायू लागेल, या मापाला जैविक प्राणवायू मागणी म्हणतात. बातम्यांमध्ये ती ‘बीओडी’ या नावानं येते. नमुना २० अंशांवर, अंधारात, पाच दिवस ठेवून ती मोजतात. बीओडी म्हणजे घाणीचं वजन नव्हे. ती घाण पाण्यावर चढवत असलेलं कर्ज आहे, असं समजा.

हे कर्ज केवढं असतं? एका माणसाच्या दिवसभराच्या सांडपाण्याची बीओडी अभियंते साधारण ६० ग्रॅम धरतात. एक लिटर पाण्यात ८ मिलिग्रॅम प्राणवायू असेल, तर ६० ग्रॅम म्हणजे साडेसात हजार लिटर पाण्यातला सगळाच्या सगळा प्राणवायू. चार माणसांचं एक घर दिवसाला ३० हजार लिटर पाणी गुदमरवू शकतं, म्हणजे दहा हजारी टँकर तीन. एका चिंचोळ्या ओढ्याला अशी हजार घरं जोडलेली असली, तर पुढचा हिशेब मांडायची गरजच उरत नाही.

‘वाहतं पाणी आपोआप शुद्ध होतं ना?’

होतं. ही समजूत चुकीची नाही, अपुरी आहे.

पाणी खळाळत वाहतं तेव्हा पृष्ठभागावरून हवेतला प्राणवायू आत येत राहतो. एकीकडे जीवाणूंचा खर्च, दुसरीकडे हवेची भर. या जमाखर्चाचं गणित स्ट्रीटर आणि फेल्प्स या दोन अमेरिकन संशोधकांनी ओहायो नदीच्या अभ्यासातून १९२५ मध्ये मांडलं. घाण जिथे पडते त्या जागी प्राणवायू सगळ्यात कमी नसतो. तो खाली जाता जाता घटत जातो, काही अंतरावर तळ गाठतो आणि मग हळूहळू सावरतो. आलेखावर काढलं तर मधोमध लोंबलेल्या दोरीसारखा आकार दिसतो. म्हणून ‘आमच्या इथे पाइप नाही, तरी मासे आमच्याच इथे का मेले’ या तक्रारीचं मूळ बरेचदा वरच्या अंगाला असतं.

सावरायला पाण्याला सलग, मोकळं अंतर मिळावं लागतं, आणि शहरातल्या ओढ्याला नेमकं तेच मिळत नाही. एका पाइपातून उठतो न उठतो तोच दुसरा पाइप येतो.

शिवाय पातळ करायला मूळचं पाणी हवं. ब्रिटनमधल्या सांडपाण्यावरच्या रॉयल कमिशनने १९१२ मध्ये एक प्रमाण सुचवलं: नदीत सोडायच्या प्रक्रिया केलेल्या पाण्याची बीओडी लिटरमागे २० मिलिग्रॅम आणि तरंगते कण ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावेत. हे आकडे पुढे जगभर गिरवले गेले. पण त्यामागचं गृहीतक बरेच जण विसरले. सोडलेल्या पाण्याच्या किमान आठपट स्वच्छ पाणी नदीत असेल, तर हे आकडे चालतील, असा तो हिशेब होता. शहरातल्या ओढ्याला कोरड्या दिवसांत स्वतःचं पाणी उरतं कुठे? पुष्कळ ओढ्यांत वाहतं ते सगळं सांडपाणीच असतं. आठपट सोडाच, तिथे एकपटही नसतं.

शहराखाली दोन गटारं असतात

माझ्या मते सगळ्या विषयाची किल्ली इथे आहे.

रस्त्याच्या कडेला जी जाळी दिसते, तिच्यात गेलेलं पाणी कुठे जातं असं विचारलं तर बहुतेक जण सांगतात, ‘ड्रेनेजला. पुढे ते शुद्ध करतात.’ अनेक शहरांत हे उत्तर साफ चुकीचं असतं. तिथे दोन वेगळ्या वाहिन्या असतात. एक मैलावाहिनी: संडास, मोरी, स्वयंपाकघर यांचं पाणी घेऊन ती प्रक्रिया केंद्राकडे जाते. दुसरी पावसाळी वाहिनी: छपरांवरचं आणि रस्त्यांवरचं पावसाचं पाणी घेऊन ती सरळ जवळच्या ओढ्यात रिकामी होते. मध्ये केंद्र नाही, टाकी नाही, बरेचदा साधी गाळणीसुद्धा नाही. जाळीत टाकलेला उरलेला रंग, गाडी धुतलेलं पाणी, बादलीभर फिनेल हे सगळं ओढ्यातच गेलं.

जुन्या शहरांत वेगळी भानगड असते. तिथे एकाच पाइपातून मैला आणि पाऊस दोन्ही वाहतात. याची सगळ्यात प्रसिद्ध गोष्ट लंडनची. १८५८ च्या उन्हाळ्यात टेम्स नदीला इतकी दुर्गंधी सुटली, की संसदेच्या खिडक्यांचे पडदे चुन्याच्या क्लोराइडमध्ये भिजवून लावले होते. नाक दाबलं गेलं तसा कायदा भराभर झाला, आणि जोसेफ बॅझलजेट या अभियंत्याने शहराखाली भल्या मोठ्या वाहिन्या बांधल्या. काम इतकं पक्कं, की त्यातल्या कित्येक आजही वापरात आहेत. पण वाहिनी एकच. मुसळधार पावसात ती तुडुंब भरते, आणि मग मैला घराघरांतून उलटा वर येऊ नये म्हणून तिला नदीकडे मुद्दाम ठेवलेली तोंडं असतात. ओव्हरफ्लोची ती तोंडं म्हणजे बांधकामातली चूक नाही, तशीच योजना होती. वस्ती वाढली, जमीन काँक्रीटने झाकली गेली, आणि जे कधीमधी व्हायचं ते वारंवार व्हायला लागलं. शेवटी लंडनला हे पाणी अडवायला नदीखाली २५ किलोमीटर लांबीचा आणि ७.२ मीटर व्यासाचा नवा बोगदा खणावा लागला. तो २०२५ मध्ये पूर्णपणे जोडला गेला.

मग दोन वेगळ्या वाहिन्या असलेली शहरं तरी सुखात असतील? त्यांचं दुखणं म्हणजे चुकीची जोडणी. घराची दुरुस्ती निघते, गॅलरीत वॉशिंग मशीन येतं, प्लंबर जवळ दिसेल त्या पाइपात तोंड घालून मोकळा होतो. पाणी जातंय ना, मग झालं! मी भाड्याने राहत असलेल्या एका घरात मशीनची नळी गॅलरीतल्या पावसाच्या भोकात खुपसलेली होती. साबणाचं पाणी कुठे चाललंय हा प्रश्न मला चार वर्षांत एकदाही पडला नाही. वरच्या आणि खालच्या मजल्यांवरही तसंच होतं, हे घर सोडताना कळलं.

अशी जोडणी शोधायची एक गंमतशीर युक्ती आहे. कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून धुण्याच्या पावडरमध्ये चमक आणणारी रसायनं घालतात. ती कापसाला चिकटतात आणि अतिनील प्रकाशात निळसर चमकतात. इंग्लंडमधल्या शेफील्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी शहरातल्या १६ पावसाळी पाइपांच्या तोंडांशी साधे टॅम्पॉन, म्हणजे मासिक पाळीत वापरायचे कापसाचे बोळे, तीन दिवस टांगून ठेवले, कारण त्यातला कापूस अशा रसायनांविना असतो. मग ते अतिनील दिव्याखाली धरले. १६ पैकी ९ चमकले. २०१५ मधलं हे काम. नऊ पाइपांतून फक्त पाऊस नव्हे, कुणाची ना कुणाची धुणी वाहत होती.

पावसानं नेमकं काय केलं?

आता सुरुवातीच्या कोड्याकडे येऊ.

कोरड्या दिवसांत रस्त्यावर काय काय साचतं ते बघा: टायरची झीज, ब्रेकची भुकटी, इंजिनातून ठिबकलेलं तेल, कुत्र्यामांजरांची विष्ठा, बांधकामाची धूळ, थुंकी, सिगारेटची थोटकं, धुराचे बसलेले कण. पावसाळी गटारांच्या तळाशी पाला आणि गाळ कुजत पडलेला असतो. ओढ्याच्या तळाला प्राणवायूविना सडलेला काळा चिखल असतो. पहिला जोराचा पाऊस या तिन्ही जागा एकदम खरवडून काढतो. म्हणूनच पावसाच्या पहिल्या लोंढ्यात घाणीचं प्रमाण सगळ्यात जास्त असतं. कोपऱ्यात ठेवलेला जुना गालिचा झटकावा तसं होतं. धूळ आधीपासूनच होती, झटकल्यावर ती खोलीभर झाली आणि शिंका आल्या. ढवळलेला काळा चिखल तर उरलेला प्राणवायू काही तासांत ओढून घेतो. त्यातून हे रात्री घडलं तर आणखी वाईट, कारण अंधारात शेवाळंही प्राणवायू सोडत नाही, वापरतं. पाणी वाढलं, प्राणवायू घटला. कोड्याचं उत्तर बहुतांशी एवढंच.

या लोंढ्याला जोर कुठून येतो? झाडाझुडपांच्या जमिनीवर पडलेल्या पावसातला साधारण दहावा हिस्सा वरून वाहून जातो, बाकीचं पाणी मुरतं किंवा वाफ होऊन जातं. दाट बांधलेल्या भागात निम्म्याहून जास्त पाणी वाहून जातं, तेही काही मिनिटांत. जे पाणी मुरून महिनाभर ओढ्याला झिरपत मिळालं असतं, ते एका तासात काठ खरवडत निघून जातं. मग कोरड्या दिवसांत ओढा उपाशी. पाऊस आला की पूर आणि एरवी गटार, अशी शहरी ओढ्याची दोनच रूपं उरतात ती यामुळे.

प्राणवायू भरपूर, तरीही मासे मेले

‘बहुतांशी’ म्हणालो, कारण एक गोष्ट या हिशेबात बसत नव्हती. ती सांगायलाच हवी.

अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात, सिअ‍ॅटल शहराच्या आसपास, समुद्रातून अंडी घालायला ओढ्यांत परतणारा कोहो नावाचा सामन मासा आहे. १९९० च्या दशकात तिथे काही शहरी ओढे सुधारले गेले. काठ मोकळे केले, झाडं लावली, माशांच्या वाटेतले अडथळे काढले. मासे परत आले आणि पावसानंतर काही तासांत मरू लागले. तोंडं वासून पाण्याच्या वरच्या थराशी गोल गोल फिरायचे आणि उलटे व्हायचे. माद्यांच्या पोटात अंडी तशीच. काही ओढ्यांत परतलेल्यांपैकी ४० ते ९० टक्के मासे असे गेले. पाण्यात प्राणवायू होता. रोग सापडेना. कीटकनाशकांवर, तेलावर, धातूंवर संशय घेऊन झाला. धातू आणि तेलातल्या घटकांचं मिश्रण प्रयोगशाळेत बनवून त्यात मासे सोडले, ते जगले. रस्त्यावरून वाहिलेल्या खऱ्या पाण्यात सोडले, ते मेले.

मग टायरचा कीस भिजवलेलं पाणी वापरलं, आणि मासे मेले. त्या पाण्यात दोन हजारांहून जास्त रसायनं होती. संशोधक ते पुन्हा पुन्हा विभागत गेले: हा भाग मारक, हा नाही, मारक भागाचे पुन्हा तुकडे. शेवटी एकच रसायन उरलं. त्यात १८ कार्बन, २२ हायड्रोजन, २ नायट्रोजन, २ ऑक्सिजन. टायरमध्ये घालतात अशा रसायनांच्या यादीत ते कुठेच नव्हतं. उलगडा झाला तो असा: टायरला भेगा पडू नयेत म्हणून त्यात ‘६पीपीडी’ नावाचं संरक्षक घालतात. ते हवेतल्या ओझोनशी मिसळतं, आणि त्या मिलाफातून हे नवं विष तयार होतं. कुणी ते बनवलं नव्हतं, कुणी ते विकलं नव्हतं. २०२० च्या डिसेंबरमध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं. त्याच पाण्यात चम सामन नावाचा याचा भाऊबंद मासा मजेत जगतो, हे आणखी एक कोडं.

मला या गोष्टीतला दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. रस्त्यावरचं तेच मारक पाणी वाळू, कंपोस्ट आणि झाडाच्या सालीच्या थरातून गाळून दिलं, तेव्हा मासे जगले. भलंमोठं यंत्र लागलं नाही. पाण्याला ओढ्याआधी मातीतून जायला लावलं, एवढंच. रस्त्याकडेच्या खोलगट, झाडं लावलेल्या पट्ट्यांना बरेच जण ‘सुशोभीकरण’ म्हणून हसतात. त्यातल्या काही पट्ट्यांचं काम शोभेचं नसून गाळणीचं असतं.

‘खरी घाण कारखान्यांची, आम्हाला कशाला बोलता?’

हा आक्षेप रास्त आहे आणि त्याला इतिहासही आहे. अमेरिकेतल्या क्लीव्हलंड शहरातली कायाहोगा नदी २२ जून १९६९ रोजी पेटली. पाणी पेटलं म्हणजे पाण्यावरचं तेल आणि कचरा पेटला. ती पेटण्याची ती पहिली वेळही नव्हती, आधी कित्येकदा पेटून झाली होती. १९७२ मध्ये तिथे स्वच्छ पाण्याचा कडक कायदा आला, त्यामागे अशा घटनांचा मोठा वाटा होता. एखाद्या ओढ्यावर रंगाचा, धातूमुलाम्याचा किंवा कातडी कमावण्याचा एकच कारखाना असला, तरी क्रोमियम किंवा सायनाइड यांसारखी द्रव्यं सगळ्या घरांच्या मैल्याहून घातक ठरू शकतात. तेव्हा कारखान्यांना कुणी सोडा म्हणत नाही.

पण कारखान्याच्या पाइपाला मालक असतो. त्याचा परवाना काढता येतो, नमुना घेता येतो, त्याला दंड करता येतो. रस्त्यावरून वाहून आलेल्या घाणीला मालक कोण? गॅरेजमध्ये सांडलेलं ऑइल, गाड्या धुण्याचे चौक, बांधकामावरून वाहणारी माती, दहा हजार गॅलऱ्यांमधल्या दहा हजार नळ्या, यातलं एकेक प्रकरण इतकं किरकोळ, की त्यावर कारवाई करणं हास्यास्पद वाटावं. अमेरिकेच्या त्याच कायद्यात पावसाळी पाण्याची नीट दखल घ्यायला १९८७ ची दुरुस्ती यावी लागली. मोठे पाइप पकडले जातात तसतसा उरलेल्या घाणीत किरकोळांचा वाटा वाढत जातो.

काठावर टाकलेल्या कचऱ्याबद्दल दोनच गोष्टी. प्लास्टिक डोळ्यांना खुपतं म्हणून त्याचीच चर्चा होते. त्याच ढिगातून पाझरणारं तपकिरी पाणी मात्र मैलापाण्याच्या कित्येक पट तिखट असतं आणि ते फोटोत येत नाही. आणि प्लास्टिकचा ओढ्याला होणारा मोठा त्रास म्हणजे ते पाइपांची तोंडं बुजवतं. मग मैलावाहिनी तुंबते आणि चेंबरचं झाकण उचलून मैला रस्त्यावर येतो, तिथून जाळीत, जाळीतून ओढ्यात. तेल, चरबी आणि ओले वाइप्स मिळूनही हेच होतं. २०१७ मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल भागाखाली असा एक गठ्ठा सापडला, २५० मीटर लांब आणि अंदाजे १३० टन वजनाचा. दगडासारखा घट्ट झालेला तो गठ्ठा फोडून काढायला कामगारांना काही आठवडे लागले.

प्रक्रिया केंद्र बांधलं की झालं?

केंद्राचं तत्त्व सोपं आहे. ओढ्यात जीवाणू जे काम प्राणवायूवाचून तडफडत करतात, तेच टाकीत भरपूर हवा फुंकून काही तासांत करून घ्यायचं. आर्डर्न आणि लॉकेट यांनी मँचेस्टरमध्ये १९१४ साली ही पद्धत मांडली. त्यांनी टाकीच्या तळाशी बसलेला, जीवाणूंनी भरलेला गाळ फेकून न देता पुन्हा वापरला, विरजण लावावं तसा. आजची अनेक केंद्रं याच वाटेने चालतात.

केंद्राला मर्यादा तीन. पहिली उघड आहे: जे केंद्रापर्यंत पोचतच नाही, ते ते शुद्ध करू शकत नाही. दोन वाहिन्यांचा घोळ तसाच ठेवून नवं केंद्र बांधलं, तर केंद्र अर्धं रिकामं आणि ओढा तसाच काळा, हे चित्र दिसतं. दुसरी मर्यादा हवेची. हवा फुंकणारे पंप वीज खातात. वीज गेली किंवा खर्च वाचवायला पंप बंद ठेवले, की टाकीतले जीवाणूही गुदमरतात आणि नंतर पूर्वपदावर यायला दिवस लागतात.

तिसरी मर्यादा केंद्राच्या रचनेतच आहे. साधं केंद्र बीओडी उतरवतं, पण नत्र आणि स्फुरद पुरेसे काढत नाही. तेच ओढ्यातल्या शेवाळाचं आणि जलपर्णीचं खत. औषधांचंही तेच. आपण घेतलेल्या गोळीचा काही भाग शरीरातून तसाच बाहेर पडतो. १०४ देशांतल्या २५८ नद्यांचे नमुने तपासणारा एक मोठा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. तपासलेल्या १,०५२ जागांपैकी सुमारे चौथ्या हिश्शात औषधांची पातळी जलचरांना किंवा जंतूंच्या औषध-प्रतिकाराच्या दृष्टीने घातक होती. फिट्सवर देतात ते कार्बामाझेपिन आणि मधुमेहावरचं मेटफॉर्मिन सगळ्यात जास्त ठिकाणी सापडलेल्यांत होतं.

म्हणून काही गोष्टी पाइपाच्या शेवटी नव्हे, सुरुवातीलाच सोडवाव्या लागतात. फेसाचं उदाहरण घ्या. १९५० च्या दशकात युरोप-अमेरिकेतल्या नद्यांवर फेसाचे डोंगर उभे राहत. कारण तेव्हाच्या डिटर्जंटमधल्या रेणूंची रचना फांद्याफांद्यांची होती आणि जीवाणूंना ती पचत नव्हती. १९६० च्या दशकात उत्पादकांनी सरळ साखळीचे रेणू वापरायला सुरुवात केली, जर्मनीत तर कायद्याच्या रेट्याने. फेस ओसरला. आज कुठे फेस दिसत असेल, तर त्यात सहसा जीवाणूंचा दोष नसतो. साबणाचं पाणी त्यांच्यापर्यंत न जाता कच्चंच ओढ्यात आलेलं असतं.

पाणी नितळ दिसतंय, मग अडचण काय?

नितळपणावर भरवसा ठेवू नये. अमोनिया रंगहीन असतो आणि पाणी कोमट, अल्कधर्मी असलं की तो माशांना जास्त जाचतो. रोगजंतूही दिसत नाहीत. पाण्यापेक्षा तळाचा दगड अधिक खरं बोलतो. चांगल्या ओढ्यातला दगड उलटा करा. खाली चपट्या अंगाच्या, शेपटीला दोन-तीन केस असलेल्या अळ्या पळताना दिसतात. काही किडे वाळूचे कण चिकटवून स्वतःला नळीसारखं घर करून राहतात. शहरी ओढ्यातला दगड उलटा केला की बहुधा लालभडक, वळवळणारे बारीक जीव दिसतात. त्यांचा लाल रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनसारख्याच द्रव्याचा. प्राणवायू जिथे दुर्मीळ, तिथे तो धरून ठेवायची सोय. पाण्याचा नमुना घेतलेल्या क्षणाचं सांगतो, दगडाखालची मंडळी गेल्या कित्येक महिन्यांचं सांगतात.

झाकूनच टाकलं तर?

वास जातो, वर रस्ता होतो, आणि मतदार खूश. खाली अंधारात शेवाळ वाढत नाही, वारा लागत नाही, म्हणजे प्राणवायूची भर जवळपास बंद. त्याहून वाईट म्हणजे आता कोण कुठे पाइप जोडतंय ते कुणालाच दिसत नाही. दक्षिण कोरियातल्या सोल शहराने चंगेचान नावाचा ओढा असाच गाडून वर उन्नत महामार्ग बांधला होता. २००३ मध्ये तो महामार्ग पाडायला घेतला आणि २००५ मध्ये सुमारे सहा किलोमीटरचा ओढा पुन्हा उघडा झाला. लोकांची आज तिथे रीघ लागते. पण एक तपशील फारसा सांगितला जात नाही: त्यातलं बहुतेक पाणी हान नदीतून पंपाने आणून सोडावं लागतं, दिवसाला सुमारे १ लाख २० हजार टन. ओढा उघडता येतो. त्याचं मुरलेलं पाणी परत आणणं त्याहून अवघड.

तपास कसा करतात?

पाऊस नसलेल्या दिवशी ओढ्याच्या कडेने चालायचं. पावसाळी पाइपाचं तोंड कोरडं असेल तर ठीक. धार लागलेली असेल तर प्रश्न: पाऊस नसताना हे पाणी कुठलं? कधी ते फुटलेल्या नळाचं किंवा भूजलाचं असतं, तेव्हा स्वच्छ आणि दिवसभर सारखं येतं. पण सकाळी सात-आठला धार जाड, अकराला बारीक, संध्याकाळी पुन्हा जाड, असं असेल तर पाइपापलीकडे माणसं आंघोळ करतायत. तोंडाच्या कडेला राखाडी, कापसासारखे बुळबुळीत तंतू लोंबत असतील तर आणखी काही तपासायला नको. दिसायला बुरशीसारखे असले तरी ते मुख्यतः जीवाणूंचे धागे, मैल्यावर पोसलेले.

तिथून मग उलटं चालायचं. वरचं चेंबर उघडायचं, धार आहे का बघायची. पुढचं उघडायचं. जिथे धार नाहीशी होते, त्याच्या अलीकडच्या दोन-चार इमारती संशयित. एक जण त्यातल्या एका घरात जातो, संडासात चमकदार हिरवा रंग टाकतो आणि फ्लश करतो. दुसरा ओढ्याच्या काठी पाइपाकडे डोळे लावून, फोन कानाला धरून उभा असतो. पाच मिनिटं, दहा मिनिटं, काहीच नाही. पुढचं घर. पुन्हा फ्लश. आणि मग फोनवर, ‘आला, हिरवा आला.’